गेल्या वर्षीची झावळी

आमच्या घरी आल्तारावर, म्हणजे घरातल्या वेदीवर, येशूच्या तसबिरीमागे माडाच्या झावळीची एक पात खोचलेली असते. तिचा क्रूस विणलेला असतो आणि क्रुसाखाली वीतभर शेपूट तसंच लोंबत ठेवलेलं. एप्रिलमध्ये ती पोपटी असते, पावसाळ्यापर्यंत पिवळी पडते आणि नाताळात तिचा रंग जुन्या वर्तमानपत्रासारखा होतो. जाळीजळमटं काढायची, पण पात हलवायची नाही, हा आजीचा नियम. नवख्या पाहुण्यांना वाटतं, केर काढताना एवढं तेवढं राहून गेलं असावं.

खरं तर वसईत झावळीला विचारतो कोण? माड महिन्याला एक, या हिशेबाने झावळ्या टाकतच असतो. तिचे झाप विणा, हीर काढून खराटे बांधा, पावसाळ्यात पडवीला आडोसा करा, नाहीतर सरळ न्हाणीच्या चुलीत घाला. रात्री वाडीत धप्पकन आवाज झाला तर घरातलं कोणी कूससुद्धा बदलत नाही. आजी तेवढी अंथरुणातूनच सांगते, ‘झावळी.’ नारळ पडला असेल तर ‘नारळ’ म्हणते आणि मग मात्र कोणीतरी उठतं.

या फुकटच्या वस्तूला वर्षातून एक दिवस मान असतो. झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आधीचा. येशू गाढवावर बसून यरुशलेममध्ये आला तेव्हा लोकांनी फांद्या हातात घेऊन त्याचं स्वागत केलं, त्याची आठवण. योहानाच्या शुभवर्तमानात त्या खजुरीच्या फांद्या होत्या असं स्पष्ट लिहिलंय. आमच्या किनाऱ्याने त्या खजुरीचा माड करून टाकला, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. सकाळी चर्चच्या आवारातल्या क्रुसापाशी सगळे जमतात, फादर पवित्र पाणी शिंपडतात आणि ‘होसान्ना’ म्हणत मिरवणूक आत जाते. पोरं झावळ्यांच्या तलवारी करतात. त्या दिवशीचं वाचन म्हणजे येशूच्या दुःखसहनाचा सगळा वृत्तांत, तिघांनी मिळून वाचायचा आणि आपण उभ्याने ऐकायचा. पाय भरून येतात. त्या वेळात बायका उभ्या उभ्या क्रूस विणतात. मी विणायला शिकले ते तिथेच, वाचनातला रोमी सुभेदार पिलात हात धुवेपर्यंत माझी पहिली गाठ बसायची आणि वाचनातला कोंबडा आधीच आरवून गेलेला असायचा.

आजीच्या तरुणपणी हे सगळं लॅटिनमध्ये चालायचं. ‘दोमिनुस वोबिस्कुम’ म्हटलं की ‘एत कुम स्पिरितु तुओ’ म्हणायचं, हे तिला अजून झोपेतून उठवलं तरी येतं. १९६५ साली दुसरी व्हॅटिकन परिषद, म्हणजे लोकभाषेतल्या उपासनेला वाट करून देणारी बिशपांची सभा, संपली आणि नंतर हळूहळू आमच्याकडे मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मराठीत आली. ‘तुला तेव्हा काही कळायचं का गं?’ असं मी विचारलं होतं. ती म्हणाली, ‘मी काय बोलते ते मला कळत नव्हतं, फादर काय बोलतात ते गावाला कळत नव्हतं. देव बिचारा एकटाच सगळं समजून घ्यायचा.’ (आजी बोलते ती सामवेदी बोली. तिची चव इथे उतरत नाही, म्हणून तिला मी साध्या मराठीत बोलायला लावलंय. तिला कळलं तर रागावेल.)

घरी आणलेली ही पात वर्षभर सांभाळायची आणि पुढच्या वर्षी ईस्टरआधीचा उपवासकाळ लागायच्या आधी चर्चमध्ये परत द्यायची. तिथे सगळ्या गावाच्या जुन्या पाती जाळतात, राख चाळतात, आणि राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, फादर तीच राख आपल्या कपाळावर लावतात. तू माती आहेस आणि मातीला मिळशील. म्हणजे ज्या पातीने गेल्या वर्षी जयजयकार केला तीच यंदा कपाळाला काळं फासते.

२०२० साली आम्ही पात द्यायला विसरलो. राखेचा बुधवार २६ फेब्रुवारीला होता. माझ्या चुलतभावाचं लग्न ठरत होतं, घरात याद्यांचा पसारा होता, पात तसबिरीमागेच राहिली. आजी चिडली. ‘पुढच्या वर्षी दोन देऊ,’ असं बाबा म्हणाले. महिन्याभरात देशाला कुलूप लागलं.

५ एप्रिलच्या झावळ्यांच्या रविवारी फादर मोबाइलमध्ये होते. आईने वाडीतली एक झावळी तोडून आणली आणि आम्ही चौघं ती धरून पाच इंची पडद्यासमोर उभे राहिलो. फादरांनी आशीर्वादाला हात उचलला आणि नेमकं नेटवर्क अडकलं. हात वरच. आम्हीही मान खाली घालून उभे, काय करावं कळेना. शेवटी बाबा म्हणाले, ‘एवढा लांब आशीर्वाद आजवर मिळाला नव्हता.’ आजीला ते काही पटलं नाही. पाणी पडल्याशिवाय झावळी ती झावळीच, असं म्हणत तिने ती दुपारी चुलीत घातली आणि २०१९ची जुनी पात आल्तारावर कायम केली.

पुढच्या वर्षी, २०२१च्या फेब्रुवारीत, चर्च उघडी होती. राख कपाळाला न लावता डोक्यावर भुरभुरायची, अशी रोमहून सूचना आलेली होती. फादर मास्क लावून चिमूट चिमूट राख टाकत होते आणि मला भलताच प्रश्न पडला. गेल्या वर्षी झावळ्या वाटल्याच नाहीत, मग ही राख कशाची? घंटा वाजवणाऱ्या मामांना बाहेर गाठून विचारलं. त्यांनी पत्र्याच्या डब्याचा आकार हातांनी दाखवला. ‘जुनी आहे शिल्लक. राख कधी कमी पडत नाही, बाय.’

तेव्हा मी हसले होते.

एप्रिलअखेर बाबांना ताप आला. ऑक्सिजनचा आकडा खाली यायला लागला तसं त्यांना हॉस्पिटलात नेलं. दारातून आत गेले, मागे वळून हात केला, आणि नंतर ते आमच्यासाठी संध्याकाळच्या एका फोनपुरते उरले. कधी नर्स बोलायची, कधी ते स्वतः दोन शब्द. ‘जेवलात का?’ हे तेच आम्हाला विचारायचे. आमच्या गल्लीतले, चर्चमध्ये पेटी वाजवणारे काकाही त्याच सुमारास दाखल झाले होते. काकू आणि आई रोज कुंपणापाशी येऊन एकमेकींना आकडे सांगायच्या. ब्याण्णव. अठ्ठ्याऐंशी. आज नव्वद. पूर्वी याच कुंपणावरून भाजीची वाटी इकडून तिकडे जायची.

त्या दिवसांत माझ्याने प्रार्थना होत नव्हती. हे लिहायला संकोच वाटतो, पण नव्हती होत. रोज सात वाजता जपमाळ घेऊन बसायचं, ‘नमो मरिया’ म्हणायचं, आणि पन्नास मण्यांत माझं मन एकदाही मरियेपाशी जायचं नाही, ते फोनपाशी असायचं. आजीला सांगितलं. मला वाटलं ती समजावेल, धीर देईल. ती म्हणाली, ‘मन राहू दे फोनपाशी. बोटं इथे ठेव.’

मला आजवर श्रद्धेबद्दल पुष्कळ लोकांनी पुष्कळ सांगितलंय. प्रवचनं ऐकलीत, तीन दिवसांची शिबिरं केलीत. इतकी उपयोगी सूचना मला कोणी दिलेली नाही.

१७ मेला तौक्ते आलं. वादळ किनाऱ्यापासून लांबून, समुद्रातूनच गुजरातकडे निघालं होतं, पण जाता जाता त्याने जे केलं ते वसईला पुरेसं होतं. सकाळपासून माड कमरेत वाकत होते. पाचूबंदरच्या होड्या आधीच वर ओढून घेतलेल्या. केळी तर आमच्या डोळ्यांदेखत गेल्या, एकेक खांब घडासकट जमिनीवर, पोलिसाने ‘खाली बसा’ म्हटल्यासारख्या. दुपारी वीज गेली. संध्याकाळी माझ्या मोबाइलचा जीव गेला, मग आईच्या. म्हणजे त्या दिवशीचा फोन येणारच नव्हता. आला तरी आम्हाला कळणार नव्हतं.

वाऱ्याचा आवाज मी वर्णन करत बसत नाही. झावळ्या मात्र पडत होत्या, धप्प, धप्प, आणि त्या दिवशी प्रत्येक आवाजाला आम्ही दचकत होतो. आजी सांगायची थांबली होती.

मेणबत्तीच्या उजेडात तिने मला मार्कचा चौथा अध्याय वाचायला लावला. वादळात नाव बुडायला आलीय आणि येशू मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून झोपलाय. ही उशी फक्त मार्कनेच लिहिलीय, मत्तय आणि लूक नुसतं झोपला म्हणतात. मी उशीपर्यंत आले तशी आजीने मला थांबवलं. ‘उशी घेऊन झोपलाय. म्हणजे झोपायचं ठरवूनच आला होता.’ आईला त्या परिस्थितीत हसू फुटलं. मी पुढे वाचलं, शिष्य त्याला उठवतात आणि म्हणतात, आम्ही बुडतोय, तुला काही काळजी आहे की नाही? ‘बघ,’ आजी म्हणाली, ‘हात जोडून नाही विचारलं त्यांनी. ओरडले.’ आणि मग तिने जपमाळ काढली, आणि त्या रात्री आमच्या घरात जी जपमाळ झाली तिला भक्तिभावाची म्हणणं कठीण आहे. आम्ही तिघीजणी जवळजवळ भांडत होतो.

मध्येच आजी उठली. तसबिरीमागची पात काढली. वादळात आशीर्वादित झावळी जाळायची, ही तिच्या आईपासूनची रीत, मी लहानपणी एकदोनदा पाहिलेली. क्रुसाला धक्का न लावता तिने खालचं शेपूट मेणबत्तीवर धरलं. दोन वर्षांची वाळकी पात, भस्सकन पेटली, खोलीत न्हाणीच्या चुलीसारखा वास पसरला. चारएक बोटं जळू दिली असतील, मग आजीने ती चिमटीत धरून विझवली.

‘सगळी नाही जाळायची?’

‘उरलेली पुढच्या वादळाला.’

त्याने वारा कमी झाला का? नाही झाला. तो रात्री त्याच्या वेळेने कमी झाला. मी हे लिहितेय ते चमत्काराची साक्ष म्हणून नव्हे. पण आजीने ‘पुढच्या वादळाला’ म्हटलं तेव्हा माझ्या पोटातला पीळ थोडा सैल झाला, हे खरं. म्हणजे हे संपणार, आणि मग आपण पुढच्याची सोय करत बसणार, हे तिने धरूनच ठेवलं होतं.

आणि त्याच अंधारात घंटा झाली. गावात वीज नाही, फोन नाही, रस्त्यावर झाडं आडवी, आणि मामा कुठून कसे पोचले देव जाणे. घंटेला वीज लागत नाही, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. वसईच्या घंटांची गोष्ट तशी जुनी. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेने पोर्तुगीजांकडून किल्ला घेतला आणि तिथल्या चर्चच्या घंटा ठिकठिकाणच्या देवळांत गेल्या. भीमाशंकरला मी शाळेच्या सहलीत तशी एक पाहिली होती, वर १७२९ साल कोरलेलं. घरी येऊन मी मोठ्या तावातावाने सांगितलं, की ती आपली आहे. आजी मासे साफ करत होती. ‘वाजवतात ना?’ एवढंच तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी आई काकूंच्या जावयाच्या मोटरसायकलवरून हॉस्पिटलच्या दारापर्यंत गेली आणि बाबांची खबर घेऊन आली. आणखी अकरा दिवसांनी बाबा घरी आले. चौदा किलो उतरले होते, आल्या आल्या वाडीत जाऊन पडलेल्या केळी मोजायला लागले आणि चौथ्या खांबाशी धाप लागून तिथेच बसले.

काका आले नाहीत. कबरस्थानात मोजक्याच माणसांना परवानगी होती. चर्चमध्ये ज्यांनी पस्तीसेक वर्षं दुसऱ्यांच्या मातीला पेटी वाजवली, त्यांच्या मातीला पेटी नव्हती. काकूंचा जप आमच्यापेक्षा कमी नव्हता, जास्तच होता. याचा जमाखर्च मला मांडता येत नाही. एकदा फादरांना विचारलं, तेही बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, ‘मलाही येत नाही.’ त्या उत्तरानंतर मला ते फादर जास्त आवडायला लागले.

२०२२चा राखेचा बुधवार २ मार्चला होता. आदल्या रविवारी चर्चच्या दारात वेताची टोपली ठेवली होती, जुन्या पाती टाकायला. यंदा विसरायचं नाही म्हणून आजीने शनिवारी रात्रीच पात काढून माझ्या पर्समध्ये ठेवली होती. बाबा हळूहळू चालत येत होते, आजी त्यांच्याबरोबर. मी पुढे गेले. २०१९पासून आमच्याकडे होती ती, मळकी, खालून काळी. टाकताना हात अडला. ‘पुढच्या वादळाला’ असं आता घरात काही उरणार नव्हतं.

टोपली अर्धी भरली होती. बऱ्याच पाती आमच्यासारख्याच जुन्या होत्या. आणि त्यातल्या कितीतरींची टोकं जळालेली होती.

माझ्यापुढे काकू होत्या. त्यांनी पदराच्या गाठीतून त्यांची पात काढली. शेपूट नव्हतंच, क्रुसाचा एक हातही जळालेला, जेमतेम दोन बोटं उरलेली. ती त्यांनी टोपलीत ठेवली, टाकली नाही. मग मागे वळून मला पाहिलं.

‘बाबा आलाय ना? त्याला पंख्याखाली बसव. आणि चल लवकर, नाहीतर तुला उभं राहावं लागेल.’