मालवणचं पाणी नागपुरात वाचताना

नागपूरहून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र शेकडो किलोमीटर लांबच. तरी मालवणच्या सागरी अभयारण्यातले मासे पाण्यातल्या डीएनएवरून शोधायचे ठरले की पहिली पायरी इथेच चढावी लागते. 1987 साली जाहीर झालेल्या त्या अभयारण्यातल्या कामासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांकडे अर्ज करायचा आणि त्यांचं कार्यालय आपल्या सिव्हिल लाइन्समध्ये, वनभवनात. अर्जात ठिकाणांचे अक्षांश-रेखांश, किती लिटर पाणी घेणार आणि नमुने शेवटी कुठे ठेवणार, हे सुरुवातीलाच स्पष्ट लिहिलं की पुढचे प्रश्न कमी होतात.

मासा पोहताना बुळबुळ, खवले, विष्ठा पाण्यात सोडत असतो. त्यातला डीएनए समुद्रात काही तास ते काही दिवसच टिकतो आणि ऊन, उष्णता, जिवाणू तो भराभर तोडतात. म्हणून पाणी भरून नागपूरला आणायचा विचारही करू नये, होडीवरच गाळायचं. आम्ही प्रत्येक ठिकाणी एकेक लिटरचे तीन नमुने घेतले. 0.45 मायक्रॉनचा बंद स्टेरिव्हेक्स फिल्टर आणि 50 मिलिलिटरची सिरिंज वापरली, म्हणजे एका लिटरला वीस वेळा दाबायचं. पाणी गढूळ असलं की सहा-सातशे मिलिलिटरनंतर फिल्टर तुंबतो. तेव्हा जोर लावला तर सांधा गळतो. थांबायचं आणि जेवढं पाणी खरोखर गेलं तेवढंच वहीत लिहायचं. पहिल्या पावसानंतर खाडीचा गाळ उतरतो, त्यामुळे हे काम मे संपायच्या आत उरकलेलं बरं.

बाटल्या आदल्या रात्री दहा टक्के ब्लीचमध्ये बुडवून, स्वच्छ धुऊन, झाकण लावून ठेवायच्या. दर ठिकाणी नवे हातमोजे. आणि रोज एक कोरा नमुना, म्हणजे डीएनएमुक्त पाणी होडीवर नेऊन, तिथेच उघडून, त्याच हातांनी गाळलेलं. त्यात डीएनए दिसला तर तो बाहेरून मिसळलेला. विकतच्या बाटलीतलं पिण्याचं पाणी यासाठी चालत नाही, त्यातही डीएनएचे अंश निघतात.

मालवण ते नागपूर हजारएक किलोमीटर. कुडाळहून मुंबई, तिथून विदर्भ एक्सप्रेस, आणि उतरल्यावर 45 अंशांचं ऊन. एवढ्या प्रवासात बर्फावर विसंबणं म्हणजे जुगार. त्याऐवजी फिल्टरमधलं पाणी हवेने पूर्ण काढून टाकायचं, आत डीएनए टिकवणारं दोन मिलिलिटर लाँगमायर द्रावण भरायचं, दोन्ही तोंडं बंद करायची आणि वरून पॅराफिल्म (मेणासारखी ताणणारी पट्टी) गुंडाळायची. द्रावण साधंच आहे: 100 मिलिमोलर ट्रिस, 100 मिलिमोलर ईडीटीए, 10 मिलिमोलर मीठ, अर्धा टक्का एसडीएस (साबणासारखा पेशी फोडणारा पदार्थ). थंडीत ते पांढरं पडतं, कारण एसडीएस गोठून खाली बसतो. बिघडलं समजून टाकून देऊ नका. 37 अंशांवर ठेवलं की पुन्हा नितळ होतं.

प्रयोगशाळेत सगळ्यात महागडी चूक याच द्रावणाची होते. एसडीएसने पेशी प्रवासातच फुटलेल्या असतात, म्हणजे बराचसा डीएनए आता फिल्टरवर नाही, द्रावणात आहे. ते ओतून दिलं तर नमुनाच गेला. आम्ही प्रोटिनेज के (प्रथिनं तोडणारं विकर) फिल्टरच्या आतच टाकून 56 अंशांवर रात्रभर फिरतं ठेवतो, मग सगळं द्रावण काढून घेतो. त्यात तेवढंच बंधक द्रावण, तेवढंच इथेनॉल. झाले सहा मिलिलिटर. हे ज्यातून गाळायचं त्या डीएनए धरून ठेवणाऱ्या छोट्या स्तंभात (कॉलममध्ये) एका वेळी साडेसहाशे मायक्रोलिटरच मावतं, म्हणजे एका नमुन्याला सेंट्रिफ्यूजच्या दहा फेऱ्या. कंटाळा येतो, पण फेऱ्या गाळायच्या नाहीत, आणि नंतरच्या धुण्यात काटकसर करायची नाही. उरलेला ईडीटीए मॅग्नेशियम धरून ठेवतो आणि त्यावर चालणारी पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवणारी प्रक्रिया) मुकाट फसते. शंका आली तर अर्क, म्हणजे स्तंभातून शेवटी मिळालेलं डीएनएचं द्रावण, दसपट पातळ करून पुन्हा लावा. पातळ केल्यावर जेलवरचा पट्टा (वाढलेल्या डीएनएची खूण) उजळला तर दोष अर्कातल्या अडथळ्याचा आहे, डीएनए कमी असल्याचा नव्हे.

आता कूलर. नागपुरात मे महिन्यात कूलरशिवाय बसणं अवघड, पण डीएनए काढायच्या खोलीत तो नकोच. कूलर बाहेरची धूळ आत ओढतो आणि ओल्या जाळीवरून ती टेबलावर सोडतो. आमच्या होडीवरच्या कोऱ्या नमुन्यांसोबत अर्क काढतानाचाही एक कोरा नमुना असतो. त्या दुसऱ्यात पट्टा दिसला. सँगर पद्धतीने त्याचा डीएनए-क्रम वाचला तर निघाला रोहू, गोड्या पाण्यातला मासा. कूलरच्या टाकीतलं पाणी गाळून तीच पीसीआर लावली, तिथेही रोहूच. शहराचं पाणी पेंच आणि कन्हानवरून येतं, हे लक्षात घेतलं तर त्यात नवल नाही. कूलर काढला, एसी लावला, टेबल ब्लीचने पुसलं, त्या दिवसाचे सगळे अर्क बाद केले आणि राखीव फिल्टर उघडले. कोरा नमुना नसता, तर मालवणच्या समुद्रात रोहू सापडल्याची नोंद झाली असती किंवा आम्हीच तो खाडीतून वाहून आलेला मानला असता.

माशांसाठी आम्ही मायफिश प्रायमर वापरले. प्रायमर म्हणजे पीसीआरने कुठल्या तुकड्याच्या प्रती काढायच्या ते ठरवणारे डीएनएचे छोटे धागे. 2015 साली मिया आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेली ही जोडी 12 एस जनुकाचा साधारण 170 अक्षरांचा तुकडा उचलते. 65 अंशांवर प्रायमरची जोडणी, पीसीआरची 35 आवर्तनं, प्रत्येक अर्काच्या किमान तीन पीसीआर. एकाच पीसीआरमध्ये दिसलेल्या प्रजातीवर मी विश्वास ठेवत नाही. मोरी (शार्क) आणि पाखट (रे) हवे असतील तर मायफिश-ई ही वेगळी जोडीही लावा. नेहमीच्या जोडीने ते निसटतात आणि मग "शार्क नाहीत" असा चुकीचा अर्थ निघतो.

तुकडे वाचून आले की प्रायमर छाटणं आणि डाडा-2 या संगणक-प्रणालीने वाचनातल्या चुका गाळणं हे यंत्रवत काम आहे. डोकं लागतं ते नाव देताना. तुकडा इतका लहान आहे की थुन्नस वंशातले ट्यूना एकमेकांपासून सुटत नाहीत. तिथे वंशाच्या नावावर थांबावं. यादीत माणूस, कोंबडी, गाय येणारच, ते वेगळे काढायचे. बांगड्याचे तुकडे तारलीपेक्षा दुप्पट आले म्हणून बांगडे दुप्पट, असं मात्र लिहू नका. प्रायमर कुणाला किती चिकटतो, कोण किती डीएनए सोडतो, सगळंच वेगवेगळं असतं. मासा जिवंत होता की बंदरावर साफ करून फेकलेला, हेही तुकडा सांगत नाही. म्हणून जेटीपासून दूरचे नमुने वेगळे मांडलेत.

शंभर मायक्रोलिटर अर्कापैकी साठ बाजूला ठेवलेत, उणे 80 अंशांवर, दोन वेगळ्या फ्रीजरांत, आणि दोन्ही वेगवेगळ्या वीजजोडणीवर. संदर्भसाठ्यात, म्हणजे ज्याच्याशी तुकडे ताडून नाव देतात त्या ज्ञात क्रमांच्या संग्रहात, कोकणातल्या आणखी माशांचे क्रम आले की आज निनावी राहिलेले तुकडे पुन्हा ताडून बघायचे आहेत, आणि तेव्हा खात्री करायला मूळ अर्क हाताशी लागेल.