अर्धी फाइल कुणाच्या हाती लागू नये म्हणून

रोज रात्री एका सर्व्हरवर तयार होणाऱ्या सीएसव्ही फाइल्स (स्वल्पविरामांनी तोडलेल्या नोंदींच्या साध्या मजकुराच्या फाइल्स) दुसऱ्या सर्व्हरवर पोचवायचं काम माझ्याकडे आलं. काही दिवस एसएफटीपीने, म्हणजे सुरक्षित जोडणीवरून फाइल पाठवायच्या साधनाने, हातानेच केलं. एका रात्री विसरलो आणि दुसऱ्या दिवशी शेल स्क्रिप्ट, म्हणजे हीच कामं ओळीने करणाऱ्या कमांड्सची फाइल, लिहायला घेतली. तीत फाइल पाठवायला एससीपी ही कॉपी करणारी कमांड वापरली.

पहिली अडचण पासवर्डची. पासवर्डऐवजी चालणारी 'की' (डिजिटल किल्ली) बनवली, तिचा उघड भाग म्हणजे पब्लिक की पलीकडे टाकली, तरी पासवर्ड विचारणं थांबेना. तासभर की तपासत बसलो. दोष कीमध्ये नव्हताच. पलीकडचं होम फोल्डर ग्रुपला लिहायला खुलं होतं, आणि अशा वेळी एसएसएच सर्व्हर (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन देणारा प्रोग्राम) ती की मानतच नाही. ती परवानगी काढली, की ठेवायच्या डॉट-एसएसएच फोल्डरला ७०० आणि आतल्या फाइलला ६०० (दोन्ही फक्त मालकापुरत्या परवानग्या) दिलं, लगेच आत शिरलो.

मग ठरल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप चालवणाऱ्या क्रॉनमधून 'कमांड नॉट फाउंड' आलं, कारण क्रॉनला आपल्या लॉगिनचा पाथ, म्हणजे कमांड कुठल्या फोल्डरांत शोधायच्या याची यादी, मिळत नाही. स्क्रिप्टमध्ये वरतीच पाथ लिहिला. आधीची फेरी संपायच्या आत पुढची सुरू होऊ नये म्हणून फ्लॉक हे कुलूप लावणारं साधन वापरलं.

खरा त्रास त्यानंतर झाला. पलीकडचा प्रोग्राम दर पाच मिनिटांनी फोल्डर बघून मिळेल ती सीएसव्ही उचलायचा. एका रात्री फाइल मोठी होती. त्याने उचललेल्या प्रतीत शेवटची ओळ एका आकड्याच्या मधोमध तुटलेली. माझ्या लॉगमध्ये मात्र एक्झिट कोड शून्य, म्हणजे सगळं ठीक, कारण एससीपीने आपलं काम नंतर नीट पूर्ण केलं होतं! एससीपी पहिल्या बाइटपासूनच खऱ्या नावाने लिहीत असतं, त्यामुळे फाइल पूर्ण झाली की नाही हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. माझ्या मते फाइल पोचवण्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

म्हणून आरसिंक या दुसऱ्या कॉपी करणाऱ्या साधनाकडे वळलो. ते पलीकडे आधी टिंबाने सुरू होणाऱ्या, शेपटाला सहा अक्षरं जोडलेल्या तात्पुरत्या नावाने लिहितं आणि सगळं आल्यावरच नाव बदलतं. एकाच फाइलसिस्टिमवर (डिस्कच्या एकाच भागात) नाव बदलणं एका झटक्यात होतं. अधलीमधली अवस्था कुणाला दिसत नाही. फक्त 'पार्शल' हा पर्याय जपून वापरा. जोडणी तुटली तर तो अर्धी फाइल खऱ्या नावाने ठेवून देतो, म्हणजे पुन्हा तेच दुखणं. मी 'पार्शल-डिर' देऊन अर्धे तुकडे वेगळ्या फोल्डरात ठेवले.

तरीही पुढच्या आठवड्यात एक ओळ तुटलेली आलीच. या वेळी पलीकडे काही चुकलं नव्हतं. फाइल इकडेच लिहून व्हायची होती आणि माझ्या स्क्रिप्टने ती तशीच उचलली होती. म्हणजे पलीकडच्या प्रोग्रामची चूक आता मी करत होतो. फाइल बनवणाऱ्या सहकाऱ्याला दोन्ही प्रती उघडून दाखवल्या. त्याने शेवटी 'टीएमपी' जोडून लिहायचं आणि लिहून झाल्यावर नाव बदलायचं, एवढा बदल केला. तेव्हापासून तुटकी ओळ आलेली नाही.