रिकामी फांदी

माझ्या संगणकात 'रिकामी फांदी' नावाचा एक फोल्डर आहे. परवा मोजले, 312 फोटो निघाले. ज्या पक्ष्यासाठी बटण दाबलं तो पक्षी यातल्या एकाही फोटोत नाही. कुठे कोपऱ्यातून निसटणारं शेपटीचं टोक आहे, कुठे नुसतीच हलणारी, त्यामुळे पुसट झालेली डहाळी. एका फोटोत हवेतून खाली येणारी शीट आहे आणि तीही फोकसमध्ये नाही.

आधी असले फोटो मी लगेच पुसून टाकायचे. मग एकदा आळसाने राहून गेले, आणि बऱ्याच महिन्यांनी चाळताना जाणवलं की त्यातली प्रत्येक फांदी मला ओळखू येतेय. इथे नाचण होता. इथे कोतवाल. हा तर तो, ज्याच्यामागे दीड तास घालवला. तेव्हापासून जपून ठेवते.

सगळ्यात मोठा वाटा शिंप्याचा. परसातल्या जास्वंदीत त्याचा दिवसभर राबता असतो. जीव एवढासा, पण आवाज अख्ख्या परसाला पुरून उरतो. तो पानांआडून फिरतो आणि कॅमेऱ्याला पुढचं पानच जास्त आवडतं. पानावरून फोकस काढून पक्ष्यावर आणेपर्यंत शिंपी पलीकडच्या फांदीवरून ओरडत असतो. नाचणाचं दुखणं वेगळं. तो समोर येतो, शेपटीचा पंखा उघडतो, डावीकडे वळतो, उजवीकडे वळतो, आणि आपण 'आता' म्हणतो तेव्हा तिथे नसतो. दयाळ मात्र भला पक्षी. कुंपणावर शेपटी उभारून गायला लागला की आपण आत जाऊन दुसरी लेन्स घेऊन आलो तरी गातच असतो. या फोल्डरात त्याचा एकही फोटो नाही. त्याचे चांगले फोटो ढिगाने आहेत आणि ते मी कधीच उघडून बघत नाही. हा अन्याय आहे, मान्य.

डोळ्याने पाहून बोटाने दाबायला माणसाला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो. लहान पक्ष्याला चौकटीबाहेर जायला तेवढा पुरतो. एतिएन-जूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1882 साली उडते पक्षी टिपायला चक्क बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवला होता. खांद्याला लावायचा, नेम धरायचा, चाप ओढायचा. सेकंदाला बारा चित्रं. माझा कॅमेरा त्याहून कितीतरी जास्त काढतो, म्हणजे रिकाम्या फांदीचेसुद्धा एका दमात वीस फोटो येतात. आता तर असे कॅमेरे आलेत की बटण अर्धं दाबून धरलं की ते आधीचे काही क्षण साठवत राहतात आणि पूर्ण दाबल्यावर ते मागचे क्षणही हातात ठेवतात. उशीर झाला तरी झालाच नाही, असं. घ्यावा का? दोनदा मनात आलं, दोनदा पुढे ढकललं.

तसं परसात बसून बसून थोडं शहाणपण येतंच. पक्षी उडायच्या बेतात असला की अंग किंचित दाबतो, बऱ्याचदा शीट टाकून हलका होतो, आणि वारा असेल तर वाऱ्याच्या दिशेने तोंड करून झेपावतो. (वरचा तो शीटेचा फोटो म्हणजे हे ज्ञान झाल्यानंतरचा. खूण बरोबर ओळखली होती, बोटच उशिरा पोहोचलं.) तरीही फसायचे ते प्रसंग येतातच. एकदा सूर्यपक्ष्याचा नर थेट खिडकीच्या गजावर, माझ्यापासून हातभर अंतरावर येऊन बसला. सावलीत हा पक्षी काळा दिसतो. त्याची ती जांभळी-निळी झळाळी रंगद्रव्याची नसते, पिसांच्या सूक्ष्म रचनेवर प्रकाश आदळून तयार होते, त्यामुळे कोन जमला तर झगमगाट, नाहीतर कोळसा. त्या दिवशी कोन जमला होता, ऊन जमलं होतं, आणि माझी लांब पल्ल्याची लेन्स इतक्या जवळचं काही बघूच शकत नाही. ती आत-बाहेर घरघरत राहिली. मी एक पाऊल मागे घेतलं. फोटो क्रमांक 88, खिडकीचा गज.

प्रवासात तर परसातली ही जुजबी ओळखही नसते. कोण कुठे बसतो, किती वाजता येतो, कोणाला किती जवळ गेलेलं चालतं, सगळं नव्याने. पक्षी गाडीला फारसा भीत नाहीत, उतरलेल्या माणसाला भितात. हे कळायलाच मला चार सहली लागल्या. रिचर्ड आणि चेरी कीर्टन या इंग्रज भावांनी शंभरेक वर्षांपूर्वी यावर उपाय म्हणून पेंढा भरतात तसा एक पोकळ बैल करवून घेतला आणि त्यात शिरून फोटो काढले. मला भाड्याची गाडी मिळते, त्या मानाने मी सुखी.

एका सहलीत रस्त्याकडेच्या तारेवर चास बसलेला दिसला. चास म्हणजेच नीलपंख. मी "थांबवा, थांबवा" म्हणून ओरडले. गाडी थांबली, काच खाली गेली, चास उडाला. पुढच्या खांबावर पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ड्रायव्हरदादा शांतपणे म्हणाले, "ताई, तुम्ही थांबलात की तो समजतो. मी हळूहळू पुढे जातो, तुम्ही काच आत्ताच उघडून ठेवा." तसं केल्यावर बसलेल्या चासाचे चांगले चार फोटो मिळाले. ते पाहून मी जरा हिरमुसलेच. बसलेला चास मातकट, तपकिरी, बोजड दिसतो. त्याचा सगळा निळा पंखात दडलेला, आणि पंख उघडतो तो निघून जाताना. म्हणजे आधीच्या दोन नुसत्या तारांच्या फोटोंच्या आगेमागे जे मी डोळ्यांनी पाहिलं होतं, तेच हवं होतं.

दुपारी पाण्याकाठच्या रोहित पक्ष्यांबद्दल न बोललेलं बरं. तापलेली हवा लेन्ससमोर थरथरत असते आणि दूरचा पक्षी पाण्यात पडलेल्या चित्रासारखा वितळतो. त्याला कुठलीच महागडी लेन्स पुरी पडत नाही. अशा वेळी कॅमेरा पिशवीत आणि आपण सावलीत.

फोल्डरातल्या एका फोटोत फांदी नाही, घरटं आहे. कुंडीतल्या वेलीत बुलबुलाने केलेलं. दोन अंडी होती. उजेड नीट यावा म्हणून मी समोरची पानं बाजूला सारली, झटपट फोटो काढले आणि आत आले. पानं पुन्हा पूर्वीसारखी मिटली नाहीत. दुसऱ्या दिवशी घरट्यात काहीच नव्हतं. कावळ्याने नेली असतील. कदाचित त्याने माझ्याशिवायही नेली असती. पण पानं मी सारली होती. एरिक हॉस्किंग नावाच्या इंग्रज छायाचित्रकाराचा डावा डोळा 1937 साली एका घुबडाने फोडला. तो त्याच्या घरट्याचे फोटो काढत होता. बुलबुलाला असलं काही जमत नाही. तो फक्त जागा सोडून जातो. घरट्यांचे फोटो मी तेव्हापासून काढत नाही, आणि कोणी कौतुकाने दाखवले तर पटकन पुढे सरकवते.

मागच्या आठवड्यात जागा कमी पडतेय म्हणून फोल्डर साफ करायला बसले. परसातल्या जुन्या झाडाची एकच आडवी फांदी तेवीस वेळा. सगळ्या शिंप्याच्या किंवा तांबटाच्या नावाच्या. म्हटलं, एवढ्या कशाला, दोन ठेवू. त्या दोन निवडताना एक मोठी करून पाहिली तर मागे, फांदीच्या वर, खोडातल्या ढोलीच्या तोंडाशी काहीतरी गोल. आणखी मोठं केलं. पांढऱ्या भुवया, पिवळे डोळे. पिंगळा! ऊन खात बसलेला, आणि सरळ माझ्याकडे बघत असलेला.

बाकीच्या बावीस पुन्हा उघडल्या. त्यातल्या अकरांत तो होता. जानेवारीतल्या एका फोटोत दोन होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेन्स लावून, हालचाल न करता, पिंगळ्यासाठी म्हणून दीड तास बसले. ढोलीत कोणी नव्हतं. खालच्या फांदीवर शिंपी आला, भरपूर ओरडला, आरामात इकडेतिकडे उड्या मारून गेला. माझी नजर ढोलीवरून हलली नाही. शेवटी उठताना ढोलीचा एक फोटो काढून ठेवला. नाव जुनंच असलं तरी तोही त्याच फोल्डरात टाकलाय.