तुम्ही विचारलंत म्हणून: टेलिकायनेसिसचा सराव कुठून सुरू करायचा?

"टेलिकायनेसिस शिकायचंय, सुरुवात कशी करू?" टेलिकायनेसिस म्हणजे हात न लावता, नुसत्या मनानं वस्तू हलवणं. नाशिकमध्ये हा प्रश्न मला बहुतेक वेळा कॉलेजातली मुलं विचारतात, अधूनमधून त्यांचे आईवडीलही. पाठोपाठ तीन प्रश्न ठरलेले असतात: रोज किती वेळ बसायचं, किती दिवसांत जमतं, आणि आधी कोणती वस्तू हलवायची?

उत्तर आधीच सांगते, म्हणजे कोणाचा वेळ जायला नको. नीट बंदोबस्तात घेतलेल्या एकाही चाचणीत मनाच्या जोरावर वस्तू हलल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही. पण सुईवरची कागदी भिंगरी हात जवळ नेल्यावर फिरते, हेही खरं आहे. या शक्तीचा पुरावा म्हणून दाखवतात त्या व्हिडिओंत दिसतं ते दर वेळी कॅमेऱ्याचं काम नसतं. तुमच्या घरीसुद्धा ती फिरेल, बहुधा पहिल्याच दिवशी. म्हणून सराव करायचाच असेल तर ती कशानं फिरते हे शोधण्याचा करा. त्याला लागणारं सगळं सामान घरातच मिळतं.

झेरॉक्सच्या साध्या कागदाचा 6 सेंमीचा चौरस कापा. त्याचं वजन भरतं जेमतेम पाव ग्रॅम. दोन्ही कर्णांवर घडी घालून उघडा. कागद उलटा करा आणि समोरासमोरच्या कडा जुळवून मधल्या दोन घड्या घाला. आता मध्यबिंदू खालून हलकेच वर ढकलला की चार टोकांची छत्री तयार होते. खोडरबराच्या खालून शिवणाची सुई आरपार घाला, टोक साधारण 3 सेंमी वर येऊ द्या आणि छत्रीचा मध्य त्यावर टेकवा. भोक पाडू नका. भोक पडलं की घर्षण वाढतं आणि भिंगरी अडखळते. छत्रीची चारही टोकं टेबलापासून निदान 1 सेंमी वर असावीत, आणि एका बाजूला कललेली छत्री पुन्हा घडी घालून सारखी करावी. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल वापरली तर भिंगरी आणखी हलकी होते, पण ती चुरगळतेही लवकर.

पंखा बंद, खिडक्या बंद. भिंगरी ठेवून खोलीबाहेर जा आणि मोबाइल स्टँडवर लावून 10 मिनिटांचं चित्रीकरण घ्या. ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात, आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो. कोणीही जवळ नसताना भिंगरी किती हलते हे माहीत नसेल, तर तुम्ही बसल्यावर ती हलली याचा अर्थ काय लावणार? मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या घरात जड गाडी गेली तरी टेबल थरथरतं. दाराच्या फटीतूनही वारा येतो.

मग ओंजळ अर्धी वळवून भिंगरीपासून 3-4 सेंमीवर धरा. ती फिरू लागेल. आता एक उदबत्ती लावून तिचा धूर तळव्याशेजारी येऊ द्या आणि बाजूनं, उजेडाकडे तोंड करून बघा. सरळ जाणारी धुराची रेघ तळव्यापाशी वळते आणि हाताला लागून वर चढते. तुमच्या त्वचेचं तापमान साधारण 32 ते 34 अंश असतं. गारठलेल्या खोलीत तळव्यालगतची हवा तापते, हलकी होते, वर जाते, आणि तिची जागा घ्यायला बाजूची हवा येते. पाव ग्रॅमच्या कागदाला एवढा झोत पुष्कळ झाला. तळवा बोटांपेक्षा ऊबदार असतो, म्हणून झोत एका बाजूला जास्त लागतो. उजवा हात काढून डावा ठेवला तर पुष्कळदा दिशाच बदलते, ती याच कारणानं.

नाशिककरांना हे तपासायला ऋतूच मदत करतात. जानेवारीच्या पहाटे पारा 10 अंशांच्या खाली येतो, तेव्हा भिंगरी झपाट्यानं फिरते. एप्रिल-मेच्या दुपारी खोलीच 36-38 अंशांवर गेली की तीच भिंगरी, तोच हात, तीच एकाग्रता असूनही ती रेंगाळते किंवा थांबते. "हिवाळ्यात जमत होतं, उन्हाळ्यात शक्ती गेली" असं सांगणाऱ्या मुलाची शक्ती कुठे गेलेली नसते. हात आणि खोली यांच्या तापमानातला फरक तेवढा संपलेला असतो.

हे माझ्या शब्दावर मानू नका. हाताच्या जागी कोमट पाण्यानं भरलेला स्टीलचा पेला ठेवा. पेल्याला मन नाही, तरी भिंगरी फिरेल. मग हात मिनिटभर गार पाण्यात बुडवून, नीट पुसून पुन्हा धरा. वेग कमी होईल. श्वासाचं तपासायचं असेल तर बीन बॅगमधले थर्मोकोलचे मणी भिंगरीभोवती पसरा. 1981 साली अमेरिकेत जेम्स हायड्रिक नावाचा माणूस दूरध्वनी पुस्तिकेची पानं मनानं उलटवून दाखवत असे. जादूगार जेम्स रँडी यांनी टीव्हीवर पुस्तिकेभोवती थर्मोकोलचे तुकडे पसरले. फुंकर मारली असती तर ते उडाले असते. पान काही उलटलं नाही.

आता काचेची बरणी. लोणच्याची रुंद तोंडाची घ्या आणि भिंगरीवर उपडी घालून कडेला कणकेची वळी दाबून फट बुजवा. भिंगरी पूर्ण थांबेपर्यंत थांबा, आणि मगच हात बाहेरून 10 सेंमीवर धरा. इथेही दोन गोष्टी फसवतात. हात काचेला टेकवून ठेवला तर पाचेक मिनिटांत काच तापते आणि आतली हवा फिरू लागते. दुसरं म्हणजे स्थिर वीज: कोरड्या थंडीत काच सुक्या फडक्यानं पुसली की कागद तिच्याकडे ओढला जातो. म्हणून काच ओल्या फडक्यानं पुसून वाळू द्या. प्लास्टिकची बरणी तर वापरूच नका.

"मेंदूत वीज असते, मग तिनं वस्तू का हलणार नाही?" हेही नेहमीचं. ईईजीत, म्हणजे मेंदूतली वीज मोजण्याच्या चाचणीत, डोक्याच्या त्वचेवर मोजली जाणारी वीज असते साधारण 10 ते 100 मायक्रोव्होल्ट, म्हणजे एका व्होल्टचे दहा लाख भाग केले तर त्यातले थोडेसे. मेंदूचं चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्रापेक्षा कोट्यवधी पटींनी क्षीण आहे. होकायंत्राची सुई जिथे पृथ्वीचं ऐकते, तिथे तिला मेंदूचं ऐकू येणार नाही. होकायंत्र हललंच तर शेजारचा मोबाइल आधी दूर ठेवा, त्याच्या स्पीकरमध्ये चुंबक असतो.

त्राटकाबद्दलही विचारता. डोळ्यांच्या उंचीवर, हातभर अंतरावर निरांजन ठेवून मिनिट-दोन मिनिटं बघितल्यानं चित्त स्थिर व्हायला मदत होते असा कित्येकांचा अनुभव आहे. तेवढ्यासाठी जरूर करा. पण अंधारात एकाच ठिपक्याकडे टक लावली की स्थिर ठिपकासुद्धा सरकल्यासारखा भासतो, कारण डोळ्यांना आजूबाजूला धरायला दुसरी खूण नसते. नवशिक्यांचं पहिलं "हललं!" कित्येकदा हेच असतं. पापणी कमी लवते आणि डोळे कोरडे पडतात, म्हणून चुरचुरलं की थांबा. लेन्स काढून बसा. फिट्स येत असतील तर लुकलुकणाऱ्या ज्योतीपासून दूर राहा, आणि सूर्याकडे कोणीही बघू नका.

प्लँचेटची वाटी मात्र वेगळ्या वाटेनं फसवते. तिथे बोटं खरंच ढकलतात, आणि ढकलणाऱ्याला ते कळत नाही. 1853 साली शास्त्रज्ञ मायकेल फॅराडे यांनी, टेबल आपोआप फिरतं असं मानून त्यावर हात ठेवून बसणाऱ्यांच्या हातांखाली पुठ्ठ्यांचे थर मऊ चिकट पदार्थानं जोडून ठेवले. टेबल हातांना ओढत असतं तर खालचा थर पुढे गेला असता. सरकला होता वरचा थर. पुढे आपण ढकलतोय हे दाखवणारा काटा त्यांनी लोकांच्या नजरेसमोर बसवला, आणि टेबल फिरायचं थांबलं. ती माणसं लबाड नव्हती. तुमच्या मित्रानं वाटी हलवली तर त्यालाही लबाड म्हणू नका.

पैसे घेऊन ही शक्ती शिकवणारे वर्ग भेटतील. फी भरण्याआधी एकच मागणी करा: आमच्या बरणीखालची भिंगरी फिरवून दाखवा. चमत्काराचा दावा करून पैसे उकळणं हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, त्याला सहा महिने ते सात वर्षं कैद होऊ शकते.

एक गोष्ट मनापासून सांगते. सरावानंतर झोप उडाली, माझ्या विचारांमुळे कोणाचं वाईट होतंय अशी भीती बसली, किंवा कोणीतरी आपल्याशी बोलतंय असं वाटू लागलं, तर सराव त्याच दिवशी थांबवा आणि घरच्यांना सांगा. टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी सेवा 14416 वर फोन केला की मिळते. यात लाजण्यासारखं काही नाही. उशीर तेवढा करू नका.

एवढं होऊनही "बरणीखाली माझी भिंगरी फिरते" असं कोणाचं म्हणणं असेल, तर शेवटची चाचणी. मित्राला नाणं उडवायला सांगा. छापा पडला तर घड्याळाच्या दिशेनं फिरवायची, काटा पडला तर उलट. प्रत्येक खेपेला दोन मिनिटं, अशा 20 खेपा. आकडा आधी ठरवा आणि मधेच थांबू नका, कारण गुण चांगले दिसताच थांबलं की कोणीही सिद्ध पुरुष ठरतो. न हललेली खेप चूक धरा. घडीतल्या वाकडेपणामुळे भिंगरी कायम एकीकडेच फिरत असेल, तर 20 पैकी दहाएकच बरोबर येतील. नाणं त्यासाठीच आहे. 15 किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता नुसत्या नशिबानं 2 टक्के असते, म्हणजे 50 जणांच्या वर्गात एखाद्याला ते सहज येऊ शकतं. त्यामुळे पुन्हा 20 घ्या, दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या मित्रासमोर, आणि मग तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा 15 किंवा जास्त आले तर नोंदींची वही आणि चित्रीकरण घेऊन या, मी पहिल्या पानापासून वाचीन. पानाच्या वर तारखेशेजारी खोलीचं तापमान लिहिलेलं असू द्या.