मॅडमचा फोन, कंपनीचे मेल

एचआर मॅडमचा फोन बसमध्ये राहिला ही बातमी मला हेल्पडेस्कवरच्या मुलाकडून कळली. तो म्हणाला, "सर, मॅडमचा पासवर्ड रीसेट करतोय, फोन हरवलाय त्यांचा." मी म्हटलं, "आधी कीबोर्डवरचा हात काढ." त्याला वाटलं मी रागावलोय. रागावलो नव्हतो, पण त्याने एंटर दाबलं असतं तर त्या फोनपर्यंत पोचायचा आमचा एकमेव रस्ता बंद झाला असता.

हे 2018 सालचं. तेव्हा आमचा मेल सर्व्हर आमच्याच इमारतीत होता, मायक्रोसॉफ्टचा एक्स्चेंज 2013. कंपनी कुणाला फोन देत नसे, ज्याने त्याने स्वतःच्या फोनवर ऑफिसचा मेल जोडून घेतलेला. हे सगळं चालायचं एक्स्चेंज ॲक्टिव्हसिंकवर, म्हणजे फोनवरचा आणि सर्व्हरवरचा मेल एकसारखा ठेवणाऱ्या सोयीवर. या जुळवून घेण्याला सिंक म्हणतात. त्यात दुरून फोन पुसायची सोय असते, पण लोक समजतात तशी नाही. सर्व्हर स्वतः फोनपर्यंत जात नाही. फोन पुढच्या वेळी सिंक करायला येतो, लॉगिन करतो, आणि तेव्हा त्याला 'स्वतःला पुसून टाक' हा हुकूम मिळतो. पासवर्ड आधीच बदललेला असेल तर लॉगिनच फसतं. हुकूम सर्व्हरवर पडून राहतो आणि ॲडमिनच्या स्क्रीनवर 'वाइप पेंडिंग', म्हणजे पुसणं बाकी, हे दोन शब्द महिनोन्महिने दिसत राहतात. सिमचंही तसंच. सिम बंद केलं की बसच्या सीटखाली पडलेल्या फोनला इंटरनेट कुठून मिळणार? हरवलेल्या फोनच्या बाबतीत सगळे जण जे पहिल्या पाच मिनिटांत करतात, ते खरं तर शेवटी करायचं असतं.

मॅडम आल्या तेव्हा त्यांच्यामागोमाग आमचे डायरेक्टर साहेबही आले. कारण उघड होतं. त्याच आठवड्यात पगारवाढीची यादी मॅडमच्या मेलवर आली होती, अख्ख्या कंपनीची, कुणाला किती आणि कुणाला का नाही या शेऱ्यांसकट.

साहेब म्हणाले, "पुसून टाका. आत्ताच्या आत्ता."

मी मॅडमना विचारलं, "मॅडम, पुसला तर पूर्ण फोन पुसला जाईल. फक्त ऑफिसचा मेल नाही. चालेल?"

"पूर्ण म्हणजे?"

"पूर्ण म्हणजे फोटो, मेसेज, सगळं. दुकानातून आणला तेव्हा होता तसा."

त्यांना हे माहीत नव्हतं, आणि माहीत असायचं काही कारणही नव्हतं. तेव्हा अँड्रॉइडवर एक्स्चेंजचं खातं जोडताना एक स्क्रीन यायची. डिव्हाइस ॲडमिन म्हणून या सर्व्हरला पुढील अधिकार द्या: सगळा डेटा पुसणे, पासवर्डचे नियम ठरवणे, स्क्रीन लॉक करणे. खाली 'ॲक्टिव्हेट'. ती यादी वाचून थांबलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. मेल सुरू व्हायला हवा असतो, बोट आपोआप खाली जातं. संमती झाली.

फोटोंचं त्यांना फारसं काही वाटलं नाही, ते गुगलवर चढत होते. अडलं वेगळ्याच ठिकाणी. घराच्या वाटणीवरून त्यांचा भावकीत खटला चालू होता. दोन वर्षांची बोलणी, कुणी काय कबूल केलं, कुणी कधी पलटी मारली, सगळं व्हॉट्सॲपवर. जागा संपल्यामुळे बॅकअप कधीचा थांबलेला. आणि वकिलांनी बजावलं होतं की मूळ फोन जपा, नुसत्या स्क्रीनशॉटवर समोरचा वकील शंका घेतो.

साहेबांचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. ती यादी बाहेर गेली असती तर निस्तरायचं त्यांनाच होतं. पण फोन मॅडमच्या पैशांचा, खटला त्यांचा, आणि पुसायचं बटण माझ्या स्क्रीनवर. या तिन्हींचा मेळ कंपनीने कधी कागदावर घातलेला नव्हता. मी साहेबांना म्हटलं, "जरा वेळ द्या, आधी फोन जिवंत आहे का ते बघू."

मॅडमच्या मेलबॉक्सला जोडलेल्या उपकरणांची यादी उघडली. प्रत्येक उपकरणासमोर शेवटच्या यशस्वी सिंकची वेळ असते. फोनने काही मिनिटांपूर्वीच सिंक केलं होतं, म्हणजे तो चालू होता, नेटवर्कमध्ये होता. त्याला पिन होता, कारण पिनशिवाय आमचा सर्व्हर अशा फोनला जोडूनच घेत नसे. आतला डेटा एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे कुलूप उघडल्याशिवाय वाचता न येणारा. शिवाय ठरावीक वेळा चुकीचा पिन टाकला की फोन आपला आपणच पुसला जाईल, असाही नियम लावलेला होता. थोडक्यात, कुणी जबरदस्तीने आत शिरायला गेलंच, तर साहेबांना हवं ते आपोआप होणार होतं.

मॅडमना शेजारच्या मशीनवर बसवून त्यांच्या गुगल खात्यातून फाइंड माय डिव्हाइस, ही गुगलची फोन शोधायची सोय, उघडायला लावलं. नकाशावरचा ठिपका बस डेपोत होता. त्यांनी फोन तिथूनच लॉक केला आणि स्क्रीनवर ऑफिसचा नंबर झळकवला.

एवढ्यात माझं लक्ष यादीतल्या दुसऱ्या ओळीकडे गेलं. एक टॅब. शेवटचा सिंक त्याच दिवशी दुपारचा.

"मॅडम, हा टॅब कुठे असतो?"

"टॅब? तो कधीच बहिणीच्या मुलाला दिला. गेम खेळतो तो त्यावर."

"देताना मेल काढला होता का?"

त्या काहीच बोलल्या नाहीत.

त्या टॅबला लॉक नव्हता. जुनं मॉडेल, आमचे नियम त्याला समजतच नव्हते. असली उपकरणं सर्व्हरने नाकारायला हवीत. पण धोरणात एक टिक असते, नियम न पाळू शकणाऱ्या उपकरणांनाही येऊ द्या अशी, आणि ती मी या कंपनीत येण्याआधीपासून लावलेली होती. कुणा वरच्या माणसाचा फोन जोडला जात नव्हता म्हणून एका दिवसापुरती लावली असणार. अशा टिका काढायला कुणी परत येत नाही. तर परिस्थिती अशी की ज्या फोनसाठी आम्ही तिघं घाम गाळत होतो तो कुलूपबंद होता, आणि पगारवाढीची यादी एका शाळकरी मुलाच्या मांडीवर उघडी पडली होती. त्या टॅबवरचा मेल तर गेले कित्येक दिवस तसाच उघडा होता. फोन हरवला नसता तर कळलंही नसतं.

त्याहून वाईट म्हणजे जो टॅब पिनचा नियम पाळत नाही, तो पुसण्याचा हुकूम पाळेल याची खात्री देता येत नाही.

मग डोक्यात आलं की आपण उगाच उपकरणाच्या मागे लागलोय. सिंक दोन्हीकडून चालतो. सर्व्हरवरचा मेल इनबॉक्समधून हलवला की फोनवरची प्रतही जाते, कारण फोनला सर्व्हरसारखं दिसायचं असतं. मग मेलबॉक्सच रिकामा केला तर?

आधी हेल्पडेस्कच्या मुलाचं खातं घेतलं. त्याने फोन टेबलावर ठेवला, जीमेलचं ॲप उघडून. मी त्याच्या इनबॉक्समधले सगळे मेल सर्व्हरवरून दुसऱ्या मेलबॉक्सात हलवले. क्षणभर काहीच झालं नाही. मग यादी खालून आखडायला लागली, एकेक ओळ गायब, आणि शेवटी कोरा पांढरा पडदा. फोनला कुणी बोटही लावलं नव्हतं. साहेब चष्मा कपाळावर चढवून वाकून बघत होते. मुलगा म्हणाला, "सर, माझे परत येतील ना?" आले.

याला वेळ लागत नाही त्याचं कारण डायरेक्ट पुश. फोन सर्व्हरकडे एक विनंती पाठवतो आणि ती उघडीच ठेवतो. मेलबॉक्समध्ये काही हललं की सर्व्हर त्या विनंतीला लगेच उत्तर देतो आणि सिंक सुरू होतो. नवा मेल पटकन येतो तो याच वाटेने, आणि जुना मेल जाऊही शकतो तो याच वाटेने.

मॅडमसाठी नवा मेलबॉक्स उघडला. येणारे मेल तिकडे वळवले, नाहीतर एकीकडे उपसायचं आणि दुसरीकडे भरायचं असं झालं असतं. मग जुन्यातलं सगळं, इनबॉक्स, सेंट आणि त्यांनी हौसेने केलेले फोल्डर, नव्यात हलवलं. यादीवर नजर ठेवून बसलो. फोनच्या सिंकची वेळ पुढे सरकली. टॅबची सरकायला उशीर लागला. मॅडमनी बहिणीला फोन लावून भाच्याला टॅब चालू करायला सांगितलं, तेव्हा तीही सरकली. पलीकडून तो विचारत होता की मेलचं चित्र दाबू का. दाबायला लावलं. "काहीच नाहीये यात," तो म्हणाला. मग त्याच्याकडूनच ते खातं काढून घेतलं.

एक भोक उरलं होतं. मेलमधून काढून डाउनलोड्समध्ये सेव्ह केलेली फाइल अशी जात नाही, ती मेलपासून सुटलेली असते. मॅडम म्हणाल्या, "मी फोनवर एक्सेल उघडतच नाही हो, अक्षर दिसत नाही." मी तेवढ्यावर समाधान मानलं. कुलूपबंद फोनसाठी एवढं पुरेसं होतं.

सिम या सगळ्या वेळात चालूच ठेवलं होतं, आणि त्यातही धोका होताच. सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं की बँकेचे ओटीपी तिकडे यायला लागतात, फोनचा पिन तिथे उपयोगाचा नाही. म्हणून मॅडम आल्या आल्या सगळ्यात आधी त्यांना माझ्या फोनवरून बँकेला कळवून खातं गोठवायला लावलं होतं. मेलबॉक्स रिकामा झाल्यावर पासवर्ड बदलला, आणि मग सिम बंद. हेल्पडेस्कच्या मुलाचं एंटर शेवटी त्यालाच दाबायला दिलं.

फोन नंतर डेपोच्या ऑफिसात मिळाला. झाडू मारणाऱ्या माणसाने आणून दिला होता, बॅटरी संपलेली. फोन मिळाला म्हणून आम्ही शहाणे ठरलो असं काही नाही. मिळाला नसता तरी मेलच्या बाजूने काहीच बदललं नसतं. पुसला असता तर मात्र मॅडमच्या हातात रिकामा डबा आला असता.

पुढच्या आठवड्यात सगळ्या मेलबॉक्सांची उपकरणं तपासायला घेतली. नोकरी सोडून गेलेल्यांचे फोन निघाले, बदललेले, विकलेले निघाले. डायरेक्टर साहेबांचाही एक बिनकुलपाचा टॅब निघाला, घरी दिवाणखान्यात कुणीही उचलावा असा. ती टिक काढली. पॉप, म्हणजे मेल फोनवर उतरवून घ्यायची जुनी पद्धत, बंद केलं, कारण पॉपने उतरवलेला मेल फोनवर कायमचा, सर्व्हर रिकामा करूनही तो हलत नाही. आयमॅप, ही मेल जोडायची आणखी एक पद्धत, तेही बंद केलं. आयमॅपवरची उपकरणं त्या यादीत दिसतच नाहीत, आणि जे दिसत नाही ते हरवल्याचंही कळत नाही.

मेलबॉक्स उपसणं ही जुगाडाची गोष्ट आहे, रोज करायची नाही. याच कामासाठी नीट बांधलेल्या सोयी तेव्हाही होत्या, आमच्याकडे नव्हत्या इतकंच. अँड्रॉइडमध्ये वर्क प्रोफाइल 2014 च्या लॉलिपॉपपासून आहे. ऑफिसची ॲप वेगळ्या कप्प्यात, त्यांच्या चिन्हावर छोटी ब्रीफकेस, आणि कंपनीला पुसता येतो तो तेवढाच कप्पा. आयफोन-आयपॅडवर मात्र अशीच वाटणी नंतर, 2019 च्या आयओएस 13 मध्ये यूझर एनरोलमेंट नावाने आली. ॲक्टिव्हसिंकच्या 16.1 आवृत्तीत तर फक्त खातं पुसायची सोय आहे, म्हणजे त्या संध्याकाळी आम्हाला जे हवं होतं नेमकं तेच. नंतर आम्ही क्लाउडवर गेलो, म्हणजे मेल मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नेला. 1 ऑक्टोबर 2022 पासून मायक्रोसॉफ्टने तिथलं नुसत्या पासवर्डवरचं जुनं लॉगिन बंद करायला घेतलं, आणि आधी पुसायचं की आधी पासवर्ड बदलायचा, या क्रमाचं गणितही बदललं. आता फोनमध्ये पासवर्ड नसतो, टोकन असतं, म्हणजे एकदा लॉगिन केल्यावर मिळालेला प्रवेशपास. ते वेगळं रद्द करावं लागतं, नाहीतर पासवर्ड बदलून आपण निश्चिंत झोपतो आणि उघडलेलं सेशन काही काळ चालूच राहतं. एक मात्र तसंच आहे. ऑफिसचा कप्पा पुसायचा तरी फोनने नेटवर्कवर यावं लागतं.

वर्क प्रोफाइल लावायला घेतलं तेव्हा प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, "आमचे फोटो दिसतात का तुम्हाला?" नाही म्हणून कुणाला पटत नाही. मी माझ्या स्क्रीनसमोर खुर्ची ओढून बसवायचो आणि त्यांचाच फोन उघडून दाखवायचो. मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, लॉक आहे की नाही, ऑफिसची ॲप. बस. एकाने तर गॅलरीचं बटण शोधायला माझा माउसच घेतला.

संमतीपत्र मॅडमनीच लिहिलं. साध्या भाषेत, एका पानात. त्यातली एक ओळ अशी: फोन हरवल्यास कंपनी फक्त ऑफिसचा कप्पा पुसेल आणि पुसण्याआधी मालकाला फोन करेल. कायदा सल्लागारांनी तिथे 'गरज पडल्यास संपूर्ण उपकरण' घालून मसुदा परत पाठवला. मॅडमनी ते शब्द लाल पेनने खोडले आणि गरज कुणाची, एवढंच समासात लिहिलं. मसुदा दोनदा वर-खाली झाला, ओळ मात्र मॅडमच्या शब्दांत राहिली. खाली साहेबांची सही आहे. स्वतःच्या टॅबवर मात्र त्यांनी अजून वर्क प्रोफाइल घेतलेलं नाही, मेल ते लॅपटॉपवरच बघतात.