टॉलपडलच्या शेतमजुरांचे गणगोत

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला असलेल्या डॉर्सेट काउंटीत, डॉर्चेस्टर शहरापासून पूर्वेला साधारण अकरा-बारा किलोमीटरवर, पिडल नदीच्या काठी टॉलपडल हे लहानसे गाव वसलेले आहे. 1834 साली या गावच्या सहा शेतमजुरांना सात वर्षांच्या काळ्या पाण्याची, म्हणजे ऑस्ट्रेलियात हद्दपारीची, शिक्षा झाली. घसरत चाललेल्या मजुरीविरुद्ध त्यांनी संघटना बांधली होती आणि तिच्या सभासदांना गुप्ततेची शपथ दिली होती. 1797 च्या एका कायद्याचा आधार घेऊन ही शपथच गुन्हा ठरवण्यात आली. जॉर्ज लव्हलेस, त्याचा भाऊ जेम्स लव्हलेस, टॉमस स्टँडफील्ड, त्याचा मुलगा जॉन स्टँडफील्ड, जेम्स ब्राइन आणि जेम्स हॅमेट अशी त्यांची नावे आहेत. कामगार चळवळीच्या इतिहासात ती आदराने घेतली जातात. मला मात्र ही माणसे एकमेकांची कोण लागत होती, कोणत्या घरात जन्मली आणि शिक्षेनंतर त्यांच्या घरांचे काय झाले, हे जाणून घ्यायचे होते. इंग्लंडमधल्या गरीब खेडूत कुटुंबाचा असा माग दोन प्रकारच्या कागदांतून काढावा लागतो. एक म्हणजे चर्चच्या नोंदवह्या आणि दुसरा म्हणजे खानेसुमारी. म्हणून लंडनच्या वॉटर्लू स्थानकातून गाडीने डॉर्चेस्टर गाठले.

ज्या न्यायालयात त्यांचा खटला चालला ते शायर हॉल आज संग्रहालय आहे. आरोपीचा पिंजरा आणि त्याखालच्या कोठड्या जपून ठेवलेल्या आहेत. तेथे फार वेळ न घालवता मी डॉर्सेट हिस्टरी सेंटर या अभिलेखागारात गेलो, कारण माझे काम तेथे होते. वाचनकक्षात शाईचे पेन नेता येत नाही, केवळ पेन्सिल चालते. जुने बाड मागवले की ते मऊ उशीवर ठेवून, पाने हाताने न दाबता कापडी वजनांनी स्थिर करून वाचायचे असते. पॅरिशच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या, नोंदवह्या बहुतांशी पडद्यावरच पाहाव्या लागतात, मूळ प्रती सुरक्षित कोठारात असतात. पूर्वी या वह्या चर्चमधील पेटीत पडून असत आणि ओल, उंदीर व निष्काळजीपणा यांनी कित्येक नष्ट केल्या. 1978 च्या एका कायद्याने जुन्या वह्या अभिलेखागारात जमा करण्याची सक्ती झाली नसती, तर माझ्यासारख्या परक्या वाचकाला त्यांचे दर्शनही घडले नसते.

या नोंदींची सुरुवात 1538 साली झाली. आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवावी असा हुकूम काढला. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्याय यजमानांच्या कुळांच्या वह्या पिढ्यानपिढ्या सांभाळतात. गाव आणि आडनाव सांगितले की आजा-पणज्यांची नावे समोर येतात. इंग्लंडमधील नोंद कुळाची नसून पॅरिशची असते. त्यामुळे कुटुंब एका पॅरिशमधून शेजारच्या पॅरिशमध्ये कामाला गेले की धागा तुटतो आणि आसपासच्या सगळ्या चर्चच्या वह्या धुंडाळाव्या लागतात. शेतमजुरांची करारनामे करण्याची पद्धत वर्षाची असे, आणि दर वर्षी धनी बदलणारी कुटुंबे कमी नव्हती.

वहीचे रूपही काळाप्रमाणे बदलत गेले. 1 जानेवारी 1813 पूर्वीच्या पानांवर पाद्री आपल्या मर्जीप्रमाणे लिहीत असे. कोणी आईबापांची नावे देई, कोणी केवळ बापाचे, आणि धंद्याचा उल्लेख फारच क्वचित येई. त्या तारखेपासून छापील वह्या आल्या. मी बराच वेळ बाप्तिस्म्याचे असे एक पान न्याहाळत बसलो होतो. पानावर आडव्या आठ चौकटी असतात आणि प्रत्येकीत तारीख, मुलाचे नाव, आईबापांची नावे, आडनाव, राहण्याचे ठिकाण, बापाचा धंदा आणि पाद्रीची सही असे रकाने असतात. शाई तपकिरी झालेली, अक्षर एकाच हाताचे, आणि धंद्याच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ‘मजूर’, ‘मजूर’, ‘मजूर’. मध्येच एखादा सुतार किंवा शेतकरी येतो, पण पुढच्या चौकटीत पुन्हा मजूर. हॅमेटचा जन्म डिसेंबर 1811 मधला आणि ब्राइनचा 1813 मधला. दोघांच्या वयात फारसे अंतर नसले तरी एक जुन्या मोकळ्या पद्धतीच्या काळात जन्मला आणि दुसरा छापील चौकटींच्या काळात, हे ध्यानात ठेवूनच त्यांच्याविषयीच्या नोंदी वाचाव्या लागतात.

लव्हलेस बंधू इंग्लंडच्या अधिकृत चर्चपासून वेगळ्या झालेल्या मेथॉडिस्ट या ख्रिस्ती पंथाचे होते आणि स्वतः प्रवचने करीत. त्यामुळे त्यांचा शोध केवळ गावच्या चर्चच्या वहीवर थांबवता येत नाही. अशा वेगळ्या पंथांच्या नोंदवह्या 1837 नंतर सरकारने मागवून घेतल्या आणि आज त्या लंडनमधल्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. विवाहाच्या बाबतीत मात्र परिस्थिती उलटी होती. 1754 पासून 1837 पर्यंत क्वेकर (आणखी एक ख्रिस्ती पंथ) आणि यहुदी सोडून सर्वांना पॅरिशच्या चर्चमध्येच लग्न लावावे लागे. ज्या धर्मसत्तेशी मेथॉडिस्टांचे पटत नव्हते, तिच्याच वहीत त्यांच्या लग्नाची नोंद सापडते. संशोधकाला हा नियम सोयीचा वाटतो. त्या माणसांना तो किती जाचला असेल याचाही विचार करायला हवा.

खानेसुमारीचे तर्कशास्त्र निराळे आहे. ब्रिटनमध्ये ती 1801 पासून दर दहा वर्षांनी होत आली, परंतु प्रत्येक माणसाचे नाव देशभर नोंदवले गेले ते प्रथम 1841 साली, 6 जूनच्या रात्री. त्या गणनेत पंधरा वर्षांवरील माणसांचे वय सामान्यतः पाचाच्या पटीत खाली आणून लिहिले जाई, म्हणजे एकोणचाळीस वर्षांचा माणूस पस्तीसचा होई. जन्मगाव विचारलेच नव्हते, जन्म याच काउंटीत झाला की नाही एवढेच विचारले होते. आणि घरातील माणसांचे परस्पर नातेही लिहीत नसत. 1851 पासून नाते आणि जन्माची पॅरिश नोंदवली जाऊ लागली, आणि म्हणूनच वंशावळ शोधणारा अनुभवी माणूस अलीकडच्या गणनेपासून मागे मागे जातो, 1851 मध्ये जन्माची पॅरिश मिळवतो आणि मग त्या पॅरिशची बाप्तिस्म्याची वही उघडतो. या वह्या शंभर वर्षे बंद ठेवल्या जातात, म्हणून 1921 ची गणना 2022 च्या आरंभी खुली झाली. 1931 ची गणना मात्र 1942 च्या आगीत जळाली आणि 1941 ची महायुद्धामुळे झालीच नाही. धंद्याच्या रकान्यात ‘अ‍ॅग लॅब’ (अ‍ॅग्रिकल्चरल लेबरर, म्हणजे शेतमजूर) हे संक्षिप्त रूप इतक्या वेळा येते की डोळे थकतात. जॉर्ज लव्हलेस कसबी नांगऱ्या होता. सरळ तास काढणारा नांगऱ्या, मेंढरे राखणारा आणि रोजंदारीवर दगड वेचणारा यांच्या कामांत केवढा फरक आहे, हे कोणत्याही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. गणनेच्या दोन अक्षरगटांत तो फरक बहुतेक वेळा पुसला जातो.

हे सारे कागद जुळवून पाहिले की सहा जणांचे चित्र स्पष्ट होते. टॉमस स्टँडफील्डची बायको डिनाया ही जॉर्ज आणि जेम्स लव्हलेस यांची सख्खी बहीण. म्हणजे टॉमस हा त्या भावांचा मेहुणा आणि जॉन स्टँडफील्ड हा त्यांचा भाचा. संघटनेच्या गाभ्याशी दोन भाऊ, त्यांचा मेहुणा आणि भाचा होते. सरकारने ज्याला कट म्हटले, तो या बाजूने पाहिला तर एका घराच्या सोयऱ्याधायऱ्यांचा एकोपा होता. माझ्या मते टॉलपडलची गोष्ट या नात्यांशिवाय पुरती कळत नाही. मजुरी नऊ शिलिंगांवरून सातवर आली आणि सहावर येण्याची चिन्हे दिसू लागली, तेव्हा एका चुलीपाशी जे दुःख होते तेच शेजारच्या चुलीपाशी होते, आणि शपथ घेताना कोणावर विश्वास ठेवायचा हा प्रश्न नात्यानेच सोडवला होता. पुरुष गेल्यावर त्यांच्या बायकामुलांना पॅरिशची मदत नाकारण्यात आली. तो घाव म्हणूनच एकाच गोतावर पडला.

टॉलपडल गाव पायी फिरायला सोपे आहे. शपथविधी स्टँडफील्डच्या घरातील माडीवर झाला, ते गवताने शाकारलेले घर अजून उभे आहे. मेथॉडिस्टांनी 1818 मध्ये बांधलेले छोटे प्रार्थनागृह पुढे कोठार म्हणून वापरात गेले होते, त्याचा अलीकडे जीर्णोद्धार झाला आहे. ज्याखाली ही मंडळी जमत असे मानले जाते तो सायकमोरचा जुना वृक्षही गावाच्या मधोमध आहे. 1934 मध्ये ब्रिटिश कामगार संघटनांच्या महासंघाने शताब्दीनिमित्त बांधलेली सहा घरे आणि त्यातले संग्रहालय पाहून मी सेंट जॉन चर्चच्या आवारात गेलो. तेथे जेम्स हॅमेटची समाधी आहे. सहा जणांपैकी टॉलपडलच्या मातीत विसावलेला तो एकटाच. शिळा एरिक गिल या शिल्पकाराने 1934 मध्ये घडवली असून तीवर 11 डिसेंबर 1811 आणि 21 नोव्हेंबर 1891 या तारखा कोरलेल्या आहेत. शपथेच्या वेळी तो हजर नव्हता, त्याचा भाऊ जॉन होता, आणि भावाला वाचवण्यासाठी त्याने तोंड उघडले नाही, असे परंपरा सांगते. सहाही जणांना माफी मिळाली तरी 1839 मध्ये तो सर्वांच्या शेवटी परतला, पुढे आयुष्यभर डॉर्सेटमध्ये राबला, म्हातारपणी आंधळा झाला आणि डॉर्चेस्टरच्या वर्कहाऊसमध्ये, म्हणजे निराधारांच्या सार्वजनिक आश्रयगृहात, वारला. त्या तारखेच्या आधारे त्याच्या मृत्यूची सरकारी नोंद 1891 च्या ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहीच्या सूचीत, डॉर्चेस्टर जिल्ह्याखाली शोधायची, हे कळते.

बाकीचे पाच जण टॉलपडलच्या खानेसुमारीत सापडत नाहीत, कारण ते तेथे राहिलेच नाहीत. त्यांच्यासाठी लंडनमध्ये स्थापन झालेल्या समितीने वर्गणी गोळा करून एसेक्स काउंटीत, ग्रीनस्टेड आणि हाय लेव्हर येथे, शेते खंडाने घेऊन दिली. म्हणून मी पुढे लंडनच्या सेंट्रल लाइनने एपिंगपर्यंत आणि तेथून रस्त्याने ग्रीनस्टेडला गेलो. तेथील चर्चच्या भिंती ओकच्या चिरलेल्या ओंडक्यांच्या आहेत. लाकडी चर्चमध्ये ते जगातील सर्वांत जुन्यांपैकी मानले जाते आणि ओंडके अकराव्या शतकातील आहेत. याच चर्चमध्ये 1839 साली जेम्स ब्राइनचे लग्न टॉमस स्टँडफील्डच्या मुलीशी, एलिझाबेथशी झाले. 1837 नंतरच्या विवाहनोंदीच्या छापील नमुन्यात वर-वधूच्या वडिलांची नावे आणि धंदेही लिहावे लागत, त्यामुळे पूर्वीच्या वह्यांतून न मिळणारी एक पिढी अशा पानावर आपोआप जोडली जाते. त्या दिवसापासून ब्राइन टॉमसचा जावई झाला आणि शिक्षा झालेले पाच जण एका गोतात आले.

1844 ते 1846 या काळात ही पाचही कुटुंबे जहाजाने कॅनडाला, ऑन्टारियोमधील लंडन शहराच्या परिसरात गेली. 1841 च्या गणनेच्या वेळी एसेक्सला असलेली ही घरे 1851 मध्ये इंग्लंडच्या खानेसुमारीत नाहीत, ती यामुळेच. कॅनडात त्यांनी आपल्या शिक्षेचा इतिहास मुलांपासूनही लपवून ठेवला असे सांगतात, आणि जॉर्ज लव्हलेस 1874 साली तेथेच सिलोमच्या दफनभूमीत पुरला गेला. पुढचा शोध तिकडच्या गणनांतच घ्यायला हवा. कॅनडाच्या 1871 च्या गणनेत धर्म आणि मूळ वंश विचारले आहेत. 1901 च्या गणनेत तर पूर्ण जन्मतारीख आणि देशात आल्याचे वर्षही विचारले होते. त्या वर्षी सहांपैकी एकटा ब्राइन हयात होता.