९८ टक्के अचूक, तरी नापास

अकरा वर्षं मी विक्रीचे मासिक अहवाल केले. दर महिन्याला चौदा पानं, ठरलेले तक्ते, ठरलेले रंग. एक्सेल हातात इतकं बसलं होतं की डेटा मायनिंग (डेटाच्या ढिगातून उपयोगी नमुने शोधणं) आणि व्हिज्युअलायझेशन (ते चित्रांतून मांडणं) यांच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं तेव्हा वाटलं, यातलं अर्धं तर आपल्याला येतंच.

पहिल्याच तासाला मॅडमनी प्रत्येकाला आपापल्या कामातला एक अहवाल डोळ्यांसमोर आणायला सांगितलं. मग विचारलं, "यातलं एक पान काढून टाकलं, तर कोणाचा कोणता निर्णय अडेल?" मी चौदाही पानं मनात उलटून पाहिली. एकाही पानाचं उत्तर छातीठोक देता आलं नाही.

त्यानंतर क्रिस्प-डीएम नावाची कामाची पद्धत शिकवली. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात तयार झालेली ही सहा पायऱ्यांची पद्धत आजही शिकवतात. आधी व्यवसायाचा प्रश्न समजून घ्यायचा, मग डेटा ओळखायचा, मग तो तयार करायचा. मॉडेल, म्हणजे जुन्या डेटावरून शिकून अंदाज बांधणारा प्रोग्रॅम, येतं ते थेट चौथ्या पायरीवर. त्याच्यापुढे मूल्यमापन, आणि शेवटी ते प्रत्यक्ष वापरात आणणं. आम्हा सगळ्यांनाच चौथ्या पायरीवर उडी मारायची घाई होती. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला घेतली होती ना, मग काहीतरी चालवून बघायला नको?

माझ्या प्रकल्पाला एका वर्गणीवर चालणाऱ्या सेवेचा सरावाचा डेटा मिळाला. दहा हजार ग्राहक, त्यातले पाचशे सेवा सोडून गेलेले. पुढे कोण जाणार हे आधीच ओळखायचं होतं. पहिले तीन आठवडे साफसफाईत गेले, आणि त्यात शिकण्यासारखं पुष्कळ असलं तरी मजा काडीची नव्हती. ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च? वयाच्या रकान्यात ९९९ म्हणजे कोणीतरी "माहीत नाही" लिहायला शोधलेली पळवाट. रिकामी जागा आणि शून्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी अकरा वर्षं विसरूनच काम करत होते, तेही तेव्हा कळलं.

मग एका रात्री मॉडेल चाललं. अचूकता ९८ टक्के. मी खुर्चीतून उठून घरातल्या घरात एक फेरी मारली. दुसऱ्या दिवशी मॅडमना आकडा दाखवला, तर त्यांचा चेहरा खुलायच्या ऐवजी आक्रसला. मॉडेलला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेला कॉलम कोणता, ते त्यांनी बघितलं. 'ऑफर कोड'.

"हा कोड कोण भरतं? आणि केव्हा?"

मला माहीत नव्हतं. डेटासोबत आलेली माहितीपत्रिका मी वरवर चाळली होती, ती आता नीट वाचली. ग्राहक सेवा बंद करायला फोन करतो, तेव्हा त्याला थोपवण्यासाठी जी सवलत देऊ करतात, तिचा तो कोड. म्हणजे माझं मॉडेल भविष्य सांगत नव्हतं. उंबऱ्याबाहेर पाय टाकलेल्या माणसाकडे बोट दाखवून "हा जाणार" म्हणत होतं. याला डेटा लीकेज म्हणतात: निर्णय घ्यायच्या क्षणी जी माहिती हातात असूच शकत नाही, ती मॉडेल ज्यावरून शिकतं त्या डेटात झिरपते. त्या टप्प्याला मला नापास केलं. राग आला, पण शेरा बरोबर होता.

तो कॉलम काढला आणि मॉडेल नव्याने बांधलं. अचूकता ९१ टक्क्यांवर घसरली. आणखी टोचणारी गोष्ट अशी, की "कोणीच सोडून जाणार नाही" असं डोळे मिटून सांगितलं असतं, तरी शंभरातले पाचच जात असल्यामुळे ९५ टक्के अचूकता फुकटात मिळाली असती. माझं मॉडेल एकच वाक्य घोकणाऱ्या पोपटापेक्षाही मागे होतं!

इथे कन्फ्युजन मॅट्रिक्स कामी आलं, म्हणजे मॉडेलचा अंदाज आणि प्रत्यक्षात घडलेलं समोरासमोर मांडणारा तक्ता. नाव गोंधळाचं, पण या तक्त्याने माझा गोंधळ मिटवला. चाचणीसाठी बाजूला ठेवलेले दोन हजार ग्राहक होते, त्यातले शंभर जाणारे. मॉडेलने दोनशे नावं काढून दिली, त्यातली साठ खरी निघाली. चाळीस जण निसटले आणि एकशेचाळीस जणांवर उगाच संशय घेतला गेला. एकूण चुका १८०, म्हणून ९१ टक्के. पण अंदाधुंद दोनशे जणांना फोन केले असते, तर जाणारे साधारण दहाच सापडले असते. इथे साठ सापडत होते. पोपटाच्या ९५ टक्क्यांत तर एकही नाही. एका उगाच केलेल्या फोनचा खर्च किती आणि एक ग्राहक गमावल्याचं नुकसान किती, हे कळल्याशिवाय मॉडेल चांगलं की वाईट ते ठरवताच येत नाही, आणि हे दोन आकडे कुठल्याही अल्गोरिदममधून निघत नाहीत. ते धंद्यातल्या माणसाला विचारावे लागतात.

असोसिएशन रूल्स, म्हणजे 'हे घेणारा तेही घेतो' असे नियम, शिकताना हाच धडा छोट्या रूपात पुन्हा भेटला. अग्रवाल आणि श्रीकांत यांनी १९९४ मध्ये मांडलेला एप्रायोरी अल्गोरिदम सोबतीने विकल्या जाणाऱ्या वस्तूंच्या जोड्या शोधतो. वही घेणाऱ्यांपैकी ७० टक्के लोक पेनही घेतात, हे ऐकून आम्ही माना डोलावल्या. पण एकूण गिऱ्हाइकांपैकी ७५ टक्के जर पेन घेतच असतील, तर वहीमुळे पेनची शक्यता उलट कमीच झाली. या दोन टक्केवारींच्या भागाकाराला लिफ्ट म्हणतात, आणि इथे ती एकाच्या खाली.

व्हिज्युअलायझेशनचा भाग मला सोपा जाईल असं वाटलं होतं. रंग जुळवायचे, बस! पण आधी समोर आले संख्याशास्त्रज्ञ अॅन्सकोम्ब यांनी १९७३ मध्ये दिलेले चार छोटे डेटासंच. प्रत्येकात अकरा बिंदू. सरासरी, विचरण (आकडे किती पसरलेत), सहसंबंध (दोन आकडे किती सोबतीने बदलतात) सगळं जवळजवळ सारखं, आणि आलेख काढून बघितलं तर एक सरळ रेषेच्या आसपास, दुसरा कमानीसारखा, तिसऱ्यात एकच बिंदू रांग मोडणारा, चौथ्यात एक सोडून सगळे एका उभ्या ओळीत. माझ्या चौदा पानांमध्ये सरासऱ्याच सरासऱ्या होत्या. त्यांच्याखाली काय काय झाकलं गेलं असेल, या विचाराने पोटात गोळा आला.

शिवाय माझे लाडके पाय चार्ट. क्लीव्हलंड आणि मॅकगिल या संशोधकांनी १९८४ मध्ये दाखवून दिलं, की एकाच मोजपट्टीवरची जागा माणूस जितकी अचूक वाचतो तितका कोन वाचत नाही. मी आठ फाकांचा माझा एक जुना चार्ट वर्गमित्राला दाखवला आणि तिसऱ्या क्रमांकाची फाक विचारली. त्याने चुकीची सांगितली. तेच आकडे आडव्या पट्ट्यांत उतरत्या क्रमाने लावले, तर विचारायचीही गरज उरली नाही. अहवालात चांगलं-वाईट दाखवणाऱ्या लाल-हिरव्या दिव्यांचंही तेच. आमच्या वर्गातच एकाला ते दोन्ही रंग सारखेच दिसायचे.

अंतिम सादरीकरणासाठी मी डिसिजन ट्री निवडला, म्हणजे एकामागून एक हो-नाही प्रश्न विचारत निर्णयापर्यंत जाणारं मॉडेल. अशा अनेक ट्रींचं मत एकत्र करणारा रँडम फॉरेस्ट थोडा सरस ठरत होता, पण ट्रीतली वाट बोट ठेवून दाखवता येते. "तीन महिन्यांत वापर निम्म्यावर आला आणि तक्रार उघडीच आहे, म्हणून या ग्राहकाला आधी फोन" हे फोन करणाऱ्याला समजतं. पडद्यावर एकच चार्ट होता, जोडीला नावांची यादी. परीक्षकांनी विचारलं, "बाकीचे चार्ट कुठे आहेत?" मी म्हटलं, "काढले." मार्क बरे मिळाले.

अभ्यासक्रम संपल्यावर पुढच्या महिन्याचा अहवाल मी दोन पानं गाळून पाठवला. कोणी काही बोललं नाही. त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी तीन गाळली. तरीही शांतता. मग परताव्याच्या मालाचं पान गाळलं, तर अर्ध्या तासात गोदामातून फोन आला, की ते पान नसेल तर या आठवड्यात जागा किती मोकळी ठेवायची हे ठरत नाही. ते पान मी लगेच परत लावलं. सध्या अहवाल नऊ पानांचा आहे, आणि सातव्या पानावर माझी नजर आहे.